चाचांच्या दुकानातला टीव्ही

नारायण पेठेत आमच्या कोपऱ्यावर एक चाचा घड्याळं दुरुस्त करतात. सीमेवर लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्या दुकानात दिवसभर टीव्हीवर तोफा, नकाशे आणि ओरडणारे निवेदक असतात. परवा मला रस्त्यावरूनच दिसलं, की टीव्हीचा आवाज बंद करून ते एक घड्याळ कानाशी धरून ऐकतायत. मी पायरीवर पाय ठेवला मात्र, त्यांनी घाईघाईने रिमोट उचलून आवाज वाढवला.

"अहो चाचा, बंद करा तो. अतिरेक झालाय या बातम्यांचा," मी म्हणालो.

"तुमच्या घरी बंद करता येतो, साहेब." त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "इथे बंद दिसला, की लोक विचारतात, 'काय चाचा, आपण जिंकतोय ते बघवत नाही वाटतं?'"

असं विचारणारे कोण, ते मला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच चहा पितो. त्यांना मी अजून एका शब्दाने बोललेलो नाही.

हल्ली चाचांच्या दुकानात जाताना मी पायरीच्या अलीकडेच मोठ्याने खोकतो. आवाज वाढवायला त्यांना तेवढाच वेळ मिळतो.