आमटी कुणी केली

आमच्या घरात चूल बाबांच्या ताब्यात होती. साखरा गावातल्या आमच्या गल्लीत सकाळच्या वेळी बायका चुलीपुढं आणि पुरुष ओट्यावर, असंच प्रत्येक घर असायचं. आमच्याकडं माय अंगण झाडायची आणि बाबा परातीत जोंधळ्याचं पीठ मळत बसायचे.

त्याला कारण होतं. मायला आकडी यायची. बोलता बोलता तिचे डोळे फिरायचे, हातपाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस यायचा आणि थोड्या वेळानं ती दमून झोपी जायची. मी पहिलीत असताना भाकरी करता करता ती तशीच चुलीवर पडली. बाबा गोठ्यातून धावत येईपर्यंत तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. हात बरा व्हायला सगळा पावसाळा गेला. जखम भरल्यावर ती पुन्हा चुलीपाशी बसायला गेली, तर बाबांनी तिला खांद्याला धरून उठवलं.

"आजपासून तू इस्तवापाशी जायचं न्हाई. हिरीवर बी न्हाई," ते म्हणाले.

"मंग खायचं काय?"

"मी करतो. तू नुसतं सांग."

माय उंबऱ्यात बसून सांगायची आणि बाबा करायचे. सुरुवातीच्या भाकऱ्या जाडजूड, कडेला फाटलेल्या व्हायच्या. पण वर्षभरात त्यांचा हात असा बसला की तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाणी फिरवून ती विस्तवावर लावली की टम्म फुगायची. आमटी तर मायपेक्षाही चांगली व्हायला लागली. हे मायच म्हणायची.

मला मात्र त्या आमटीची लाज वाटायची. उन्हाळ्यात येसूर करायचे दिवस आले की गल्लीतल्या बायका कुणाच्या तरी अंगणात जमायच्या. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, थोडे गहू, धने, मिरच्या, खोबरं, दगडफूल असं सगळं वेगवेगळं भाजून त्याचा मसाला दळायचा, तो वर्षभर आमटीत कालवायचा. गाणी, चेष्टामस्करी, चहा, सगळं चालायचं. आमच्या घरी बाबा दार लावून एकटेच भाजत बसायचे. पण भाजलेल्या मिरचीचा खकाणा दार लावून थोडाच थांबतो? तो भिंतीवरून गल्लीभर जायचा. शेजारची बाई खोकत मोठ्यानं विचारायची, "काय बाई, येसूर भाजून राहिले वाटतं पाव्हणं!" आणि सगळ्या हसायच्या. मी कपडे वाळत घालायचं सोडून घरात पळायचे. आत बाबा घाम पुसत मिरच्या हलवत असायचे.

शाळेत डबा उघडला की मुली भाकरी उलटीपालटी करून बघायच्या. "तुझ्या बापानं थापली का गं?" मी म्हणायचे, "न्हाई, मायनं."

मोठी होत गेले तसं मला वाटायला लागलं, आता मीच चूल हातात घ्यावी म्हणजे हे सगळं थांबेल. पण बाबा ऐकत नव्हते. "तू अभ्यास कर," एवढंच म्हणायचे. आठवीत असताना एकदा ते रानात गेलेले बघून मी चूल पेटवली. ते अचानक परत आले. त्यांनी घागर उचलली आणि पेटत्या चुलीवर पाणी ओतलं. घरभर राख आणि वाफ झाली. त्यांचा हात वर गेला, पण त्यांनी मारलं नाही. नुसते थरथरत उभे राहिले. मला वाटलं, काय हेकट माणूस आहे. गावानं हसावं अशीच याची इच्छा आहे.

बारावी झाली आणि कनेरगाव नाक्याचं स्थळ आलं. मुलगा हिंगोली-वाशिम रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा, स्वतःची. माणसं बघायला येतील आणि जेवूनच जातील असा निरोप आला. आदल्या दिवशी पुसेगावहून मावशी आली. तिनं सगळी सूत्रं हातात घेतली.

"आकडीचं कुणी तोंडातून काढायचं न्हाई," ती म्हणाली. "आन् दाजी, तुमी चुलीपाशी दिसायचं न्हाई. समजलं तर लगीन मोडल."

बाबांनी पहाटेच स्वयंपाक उरकला, साबणानं हात घासले, धुतलेला सदरा घातला आणि पाहुण्यांबरोबर बाजेवर जाऊन बसले. नखांतली हळद गेली नव्हती. मायला मावशीनं कोपऱ्यात बसवलं आणि तिच्या भाजल्या हातावरून पदर ओढून दिला.

मुलाच्या आईनं भाकरी कुस्करून त्यावर आमटी घेतली. एक घास खाल्ला आणि थांबली.

"आमटी कुणी केली?"

"पोरीनं," मावशी लगेच म्हणाली. "दुसरं कोण करल? येसूर बी तिच्याच हातचं हाय."

मी बाबांकडं बघितलं. ते ताटात बघत होते. ओठांच्या कडेला हसू आलं होतं, ते त्यांनी आमटी पुसल्यासारखं हातानं पुसून टाकलं.

"हाताला चव हाय पोरीच्या," ती बाई मुलाला म्हणाली. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली. लाजच होती ती, पण त्यांना वाटली तसली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या बुद्धविहारात लग्न लागलं. निघताना बाबांनी येसराचा डबा माझ्या हातात दिला. "हे असंच टाकायचं न्हाई, आधी गार पाण्यात..." असं ते सांगायला लागले, तेवढ्यात मावशीनं त्यांना कोपरानं ढकलून बाजूला केलं. भोवती सासरची माणसं उभी होती.

सासरी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी शेजारच्या बायकांना जेवायला बोलावलं. "सुनंच्या हातची आमटी खाऊन बघा," म्हणाल्या. मी इतकी वर्षं लांबून बघितलं होतं, तेवढ्यावर विसंबून चुलीपुढं बसले. तुरीची डाळ शिजली. फोडणीत लसूण जळाला. आमटीला उकळी आली तसं मी येसूर मूठभर घेऊन वरून टाकलं आणि त्याच्या गाठी गाठी झाल्या. पळीनं फोडायला गेले तर बाहेरून मऊ आणि आत कोरडं पीठ. भाकरी परातीतून उचलताना फाटली, दुसरी फाटली, तिसरी तव्यावर घडी होऊन पडली. बायकांनी खाली मान घालून जेवण केलं. एकीनं गाठ ताटाच्या कडेला काढून ठेवली, मग तिच्या शेजारणीनंही काढून ठेवली. मी वाढत होते आणि ते बघत होते.

"नवी चूल हाय," सासूबाई म्हणाल्या. "हात बसायला टाइम लागतो."

पण पुढच्या वेळी तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. एका दुपारी तूर निवडताना त्यांनी विचारलं, "खरं सांग पोरी. आमी बघायला आलो तवा आमटी कुणी केली होती?"

"मायनं," मी म्हणाले. बाबांचं नाव माझ्या तोंडातून निघालंच नाही.

"मंग इहीनबाईला बोलावून घेऊ. राहतील चार दिस, शिकवतील तुला." नवऱ्यानं त्याच दिवशी सेनगावच्या जीपवाल्याबरोबर साखऱ्याला निरोप धाडला.

बाबा एकटेच आले. हातात पिशवी होती, तिच्यात नवं येसूर. ओट्यावर सासरे आणि नवरा बसले होते. सासूबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "इहीनबाई न्हाई आल्या?"

बाबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मी दाराआड उभी होते. मनात म्हणत होते, काहीतरी कारण सांगा, ताप आलाय म्हणा.

"ती येऊन उपेग नव्हता," बाबा म्हणाले. "ती आमटी म्या केलती."

सासरे हसलेच. "तुमी? आन् भाकरी?"

"भाकरी बी."

नवराही हसला. मग त्याला दाराआड मी दिसले आणि तो गप्प झाला. जमिनीत गडप व्हावं असं वाटत होतं.

"काहून पण? घरात बाई असून?" सासूबाईंनी विचारलं.

तेव्हा बाबांनी सगळं सांगितलं. आकडी, चूल, भाजलेला हात. "लगीन मोडल म्हणून लपवलं. पोरीचा त्यात काही दोष न्हाई."

"पोरीला तरी शिकवायचं होतं!"

बाबा बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. "ती तान्ही होती तवा तापात तिला बी एकदा आकडी आली होती," ते म्हणाले. "पुन्हा कधी आली न्हाई. पण तिला इस्तवापाशी सोडायची माझी हिंमतच झाली न्हाई. तिला सांगितलं बी न्हाई. लेकराच्या मनात बसलं असतं."

हे मला ठाऊक नव्हतं. मी दाराची कडी धरून उभी राहिले. चुलीवर ओतलेली ती घागर, वर गेलेला हात, थरथरणं, आणि त्याला मी हेकटपणा म्हटलं होतं.

सासूबाई उठल्या. "बराबर न्हाई केलं तुमी," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता बाबांबरोबर मलाही परत धाडतील. मनातल्या मनात मी माझ्या साड्या गोळा करायला लागले होते. तेवढ्यात आतून भांडी आपटल्याचा आवाज आला आणि सासूबाई ओरडल्या, "आता आलेच हायती तर शिकवा तिला! आमाला काय जलमभर गाठी खायच्यात?"

बाबांनी पाय धुतले आणि मुलीच्या सासरच्या स्वयंपाकघरात आले. ही गोष्ट नाक्यावर लपणार नव्हती. शेजारच्या दोन बायका विस्तव मागायच्या निमित्तानं डोकावून गेल्याच. बाबांनी मला चुलीपुढं बसवलं आणि स्वतः बाजूला बसले.

"येसूर गार पाण्यात कालव. हातानं. गाठ लागली की बोटानं फोड. हां, आता डाळीत सोड. हलवत राहा, थांबू नको." मी हलवत होते. आमटी हळूहळू दाट झाली, वर तेलाचा लाल तवंग आला. "भाकरीचं पीठ तळहातानं रगड, अजून रगड. त्याला चिकटपणा आला पाहिजे, मंग फाटत न्हाई." एवढा सगळा वेळ त्यांच्या एका हातात माझ्या पदराचं टोक होतं, जाळापासून लांब धरलेलं. सासूबाई भिंतीला टेकून हे बघत होत्या.

माझी पहिली भाकरी अर्धीच फुगली. ती बाबांनी स्वतःच्या ताटात घेतली.

जेवून ते निघाले तेव्हा रस्त्यावर बायका उभ्या होत्या. मी बाबांना जीपपर्यंत सोडायला गेले नाही. आत बसून परात घासत राहिले. त्यांनी अंगणातून हाक मारली, "येतो गं." मी आतूनच "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "दवाखान्यात दाखवलं का कधी आईला?"

एकदा दाखवलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या संपल्यावर पुन्हा आणल्याच नाहीत, कारण दवाखान्याच्या रांगेत गावातलं कुणीतरी बघेल, मग पोरीच्या लग्नाला आडकाठी येईल. हे सांगताना मला सासूबाईंकडं बघवेना.

"येड्यांनो," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचा राग लगेच गेला नाही. पुढं कित्येक महिने भांडण झालं की "लपवणाऱ्या घरची" हा शब्द यायचा. पण त्याच आठवड्यात त्यांनी मुलाला जीप काढायला लावली, बाबांसकट मायला साखऱ्याहून उचललं आणि हिंगोलीच्या दवाखान्यात रांगेत स्वतः तिच्याशेजारी बसल्या. डॉक्टर बाबांवर खूप चिडले. गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं. मायची आकडी आधी कमी झाली, मग महिना महिना येईनाशी झाली, आणि माझी मुलगी चालायला लागली तोपर्यंत जवळजवळ थांबलीच होती.

त्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन माहेरी गेले तर चुलीपुढं माय बसलेली. बाबा जवळच पाण्याची बादली घेऊन बसले होते. मायनं आमटी केली होती. इतक्या वर्षांनी हात विसरला होता. मीठ जास्त पडलं होतं.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

"बराबर हाय," बाबा म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.

जेवणं झाल्यावर बाबा अंगणात तवा घासायला बसले. माय माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला शिकवायला आले होते तवा, तुझ्या सासरी हसले का गं कुणी त्यांना?"

"न्हाई," मी म्हणाले. "कुणीच न्हाई."

बाबांना ते ऐकू गेलं असणार. ते तवा घासत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.