इंजिनातली टकटक

आमची गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे आणि घरात तिचा मानही माझ्याहून मोठा. गेल्या हिवाळ्यात तिच्या इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. येईल त्याला मी तो आवाज टाळूला जीभ लावून, मान हलवत काढून दाखवायचे. शेजारणीच्या मते माझी टकटक गाडीपेक्षा सरस होती. फक्त बाबांना दोन्ही ऐकू येत नव्हत्या.

बाबा परदेशीपुऱ्यातल्या एका कापडगिरणीत फिटर होते. कुठल्या मशीनचं काय दुखतंय ते दारातूनच ओळखायचे. आता दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आम्ही पाटीवर लिहून बोलतो.

मल्हारगंजच्या मिस्त्रीने दोनदा रेस देऊन निकाल दिला: इंजिनाची बेअरिंग गेली, सगळं खोलावं लागेल, आणि इतक्या जुन्या गाडीचे पार्ट मिळतील याचा भरवसा नाही. त्याच्या मते भंगारात देणंच बरं. मी ते पाटीवर लिहिलं. बाबांनी दोनदा वाचलं.

"मला ऐकूच येत नाही," ते म्हणाले, "तर मी नाही कसं म्हणू?"

इंजिनाच्या बाबतीत ते कधी दुसऱ्याचं ऐकतील, याची मी लहानपणापासून वाट पाहिली होती. आता ऐकलं, तर मलाच ते सहन होईना.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन गेले. मिस्त्रीने मला पटवायला स्क्रू पिळायचा लांब पेचकस घेतला, टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. बाबांनी पेचकस त्याच्या हातातून काढून घेतला. कानाला लावला. काही नाही. मग लाकडी मूठ मफलरने पुसली आणि सरळ दातांत धरली.

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, काकाजी को भूख लगी है क्या?"

मी हसले नाही, कारण बाबा ऐकत होते. टोक इंजिनाच्या खालच्या अंगाला, मग वरच्या झाकणाला, मग बाजूच्या डायनॅमोला. पंख्यात अडकू नये म्हणून त्यांचा मफलर मी मागून धरला होता. डायनॅमोपाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. पेचकस तोंडातून काढून ते म्हणाले, "पट्टा उतरव."

मिस्त्री कुरकुरला, त्याच्या मते काकाजींचा नुसता भास होता.

"उतार दो, भिया," मी म्हटलं.

गाडी बंद करून त्याने डायनॅमो आणि पंखा फिरवणारा पट्टा काढला आणि पुन्हा चालू केली. टकटक गायब. इंजिन धडधाकट होतं; झिजली होती ती डायनॅमोची छोटी बेअरिंग. मिस्त्रीने कान पकडले.

गिरणीच्या गोंगाटात कान तसेही कामाचे नसत, बाबांनी सांगितलं. तिथे सगळे फिटर दातांनीच ऐकायचे.

पट्ट्याशिवाय इंजिन तापतं, म्हणून मिस्त्रीने लगेच किल्लीकडे हात नेला. बाबांनी तळहात वर करून त्याला थांबवलं. मूठ पुन्हा दातांत धरली, टोक झाकणावर ठेवलं. शोधायचं आता काहीच उरलं नव्हतं. डोळे मिटून ते नुसते ऐकत होते.

"दीदी, गरम हो जाएगी," मिस्त्री हळूच म्हणाला.

"एक मिनिट," मी म्हटलं.