चार पानांचा परिचय

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील शहागंजातल्या एका छोट्या छापखान्यात कामाला होते आणि चळवळीतल्या लोकांची पत्रकं तिथंच छापली जात. शाई फुटलेले, तिरके छापले गेलेले कागद घरी यायचे. आई ते फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. ‘जाब विचारा’, ‘गप्प बसू नका’, ‘हजारोंच्या संख्येने सामील व्हा’. शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध लिहिला तरी माझ्या निबंधात शेवटी तीन मागण्या असायच्या. बाई हसायच्या. वडील मात्र तो निबंध शेजाऱ्यांना वाचून दाखवायचे.

एम.ए.ला विद्यापीठात आले आणि तिथल्या एका मंडळात स्वयंसेवक झाले. विद्यापीठाला मदत करणारं मंडळ, असं ते स्वतःबद्दल सांगायचं. निवृत्त प्राध्यापक, प्राध्यापकांच्या बायका, दोन डॉक्टर, एक कापडाचे व्यापारी. परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहातल्या मुलांना डबे, संक्रांतीला तिळगूळ, महिन्यातून एक व्याख्यान, जुन्या पुस्तकांची पेढी. कामं खरी होती. मी सतरंज्या घातल्या, खुर्च्या मोजल्या, पाहुण्यांना रिक्षात बसवून दिलं. आणि लिहिता येतं हे कळल्यावर मंडळाचं सगळं लिखाण माझ्याकडं आलं.

मंडळाची एक पद्धत होती. वार्षिक मेळाव्यात एका विद्यार्थ्याचं बोलणं ठेवायचे. पण बोलण्याआधी त्याचा परिचय. तो विद्यार्थी स्टेजच्या कडेला उभा राहायचा आणि दुसरं कुणीतरी माइकवरून त्याची परिस्थिती वाचून दाखवायचं. बाप काय करतो, घर कसं आहे, चप्पल कधी मिळाली. मग आईबापांना वर बोलवायचं, सत्कार, फोटो. त्यानंतर विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासावर वीस मिनिटं बोलायचं. मला त्या पद्धतीची चीड होती. ‘गरजू व होतकरू’ हे दोन शब्द मी मंडळाच्या कागदांतून अनेकदा खोडले आणि अध्यक्षबाईंनी ते तितक्याच वेळा परत घातले.

त्या वर्षी बोलण्यासाठी माझ्याच मैत्रिणीची निवड झाली.

घर शहरातच असलं तरी मी वसतिगृहात राहायचे, आणि ती माझ्याच खोलीत होती. सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. माझ्यासारखीच बौद्ध घरातली. पण मी शहरात वाढलेली, पगाराच्या घरातली, आणि तिची आई कापूस वेचून आणि गावच्या शाळेत खिचडी शिजवून घर चालवणारी. प्राणिशास्त्रात तिनं एम.एस्सी. केलं होतं. वर्षभर दर पंधरा दिवसांनी ती बस पकडून हर्सूलच्या तलावावर जायची, बारीक जाळीच्या पिशवीतून पाणी गाळायची आणि बाटल्या भरून आणायची. त्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव मायक्रोस्कोपखाली मोजायची. कोणता जीव कुठल्या काठाला वाढतो, कुठल्या काठाला मरतो, यावरून घाण कोणत्या बाजूनं तलावात शिरते ते सांगता येतं, असं तिचं म्हणणं होतं. महागडी यंत्रं नकोत, मोजायला एक मायक्रोस्कोप आणि दोन डोळे पुरेत. आमच्या खोलीच्या खिडकीत नेहमी पाचसहा बाटल्या असायच्या, आणि मी एकदा त्यातली एक प्यायचं पाणी समजून उचलली तर ती ओरडली होती, “ठेव खाली! माझं आख्खं कुटुंब हाय त्यात!”

तिला पीएच.डी. करायची होती. प्रवेश परीक्षा ती पास झाली होती, पण गाइड मिळत नव्हता. ज्यांच्याकडं या विषयाचं काम होतं ते विभागप्रमुख. त्यांच्याकडं एकच जागा उरली होती. ती चार वेळा भेटायला गेली. चारही वेळा सर मीटिंगला निघालेले. “तुझं काम एकदा नीट ऐकतो, मग बघू,” एवढंच म्हणाले होते. आणि मेळाव्याचे प्रमुख पाहुणे तेच होते.

“वीस मिनटं समोर बसून ऐकणार गं ते,” ती म्हणाली. “उठून जाता यायचं नाय. स्टेजवरच असत्यात.”

आठ दिवस ती भिंतीकडं तोंड करून बोलायची आणि मी घड्याळ धरून बसायची. बावीस मिनिटं, एकवीस, मग वीसला बसलं. परिचय मी लिहिणार हे कळल्यावर तिनं मला बजावलं. “दोन ओळी लिही. नाव, गाव, विषय. बास.”

“बाई म्हणाल्या, मनाला भिडणारं लिही.”

“त्यांना म्हणावं, मन घरी ठिवून या. आन् तू लई लांबड लावू नको, तुझी सवय ठावूक हाय मला.”

मी हो म्हणाले. खरंच तेव्हा दोनच ओळी लिहायचं मनात होतं.

मग रात्री लिहायला बसले आणि मला वाटलं, ही संधी आहे. दरवर्षी हे लोक गरिबीची गोष्ट ऐकून डोळे पुसतात. या वेळी त्यांना डोळे पुसायला मिळणार नाहीत, उत्तर द्यावं लागेल. दया मागणारा परिचय नाही, आरोपपत्र. आणि आरोपपत्राला पुरावा लागतो. तो माझ्याकडं होता. एका दुपारी आजारी असताना तिनं मला सांगितलं होतं की तिच्या आईला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं तेव्हा गावातल्या काही पालकांनी मुलांना ताटावरून उठवून नेलं. मग वर्षभर तिच्या आईनं नुसती भांडी घासली. शिजवायला दुसरी बाई. आणि ही त्याच शाळेत, त्याच ओळीत जेवायला बसायची. हे तिनं सांगितलं ते मला, भिंतीकडं कूस वळवून. मी ते लिहिलं. चार पानं लिहिली. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘याचा जाब कोण देणार?’ हा प्रश्न. लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्याच.

तिला दाखवलं नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

मेळावा रविवारी सकाळी होता. हॉल दीड वाजेपर्यंत आमचा होता. तिची आई पहाटेच्या एस.टी.नं आली होती, नव्या पातळात, तिसऱ्या रांगेत कडेला बसली. माझी मैत्रीण स्टेजच्या बाजूला, हातात पेन ड्राइव्ह. मी माइकसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले.

मला वाचता येतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा हे मी लहानपणी सभांमध्ये शिकले आहे. दुसऱ्या पानावर हॉल शांत झाला. भांडी घासण्याच्या जागेवर पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. ‘याचा जाब कोण देणार?’ मी विचारलं, आणि टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं माना खाली जातील. ते टाळ्या वाजवत होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कापडाचे व्यापारी उभे राहिले आणि त्यांच्यामागं सगळा हॉल उभा राहिला. मी आरोप करत होते आणि आरोपी मला दाद देत होते. तिथंच थांबायला हवं होतं. पण उभा राहिलेला हॉल पाहिला की पाय निघत नाही, हे मला त्या दिवशी स्वतःबद्दल कळलं. मी चौथं पान वाचलं.

मैत्रिणीकडं मी पाहिलंच नाही. तिच्या आईकडं पाहिलं. ती एकटीच बसलेली होती. सगळे उभे, म्हणून तिला स्टेज दिसत नव्हतं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

मग आईला वर बोलवलं. मंडळाच्या पद्धतीप्रमाणं अध्यक्षबाईंनी हळदकुंकू लावून ओटी भरायला घेतली. तिनं गोंधळून लेकीकडं पाहिलं. बौद्ध घरांत, त्यांच्या तसंच आमच्याही, हे कुणी करत नाही. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही. चार पानं लिहिणाऱ्या मला एक ओळ आधी सांगायची सुचली नव्हती. तिनं नारळ दोन्ही हातांत घेतला आणि फोटोग्राफर म्हणाला, “मावशी, इकडं बघा, थोडं हसा.”

त्यानंतर पाहुणे उठले. “मी भाषण लिहून आणलं होतं,” सर म्हणाले, “पण हे ऐकल्यावर कागद बाजूला ठेवतो.” आणि ते स्वतःच्या लहानपणावर बोलले. अनवाणी शाळा, आईच्या हातची भाकरी, नदीला आलेला पूर. बोलत गेले, बोलत गेले. मी घड्याळ पाहत होते. एक वाजला. सव्वा वाजला. मागच्या बाजूनं पुरीचा वास यायला लागला आणि खुर्च्या वाजायला लागल्या.

सर बसले तेव्हा दीडला सात मिनिटं कमी होती. अध्यक्षबाईंनी माझ्या मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवला. “बेटा, वेळेअभावी, दोन मिनिटांत सांग हं. थोडक्यात. तसं सगळं सांगून झालंच आहे तुझं.”

तिनं पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर तलावाचा फोटो आला. “हर्सूलच्या तलावात चार ठिकाणी मी नमुने घेतले,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, खोलीत भिंतीसमोर असायचा तसाच. दुसरी स्लाइड येईपर्यंत मागच्या तीन रांगा जेवणाकडं निघाल्या होत्या. सर अध्यक्षबाईंकडं वाकून काहीतरी सांगत होते, बहुतेक पुराचंच. तिसऱ्या स्लाइडला हॉलच्या माणसानं पंखे बंद करायला सुरुवात केली. तिनं ‘धन्यवाद’ म्हटलं आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला.

पायऱ्या उतरताना ती सरांना गाठायला गेली. सर तिच्या आईला हात जोडून उभे होते. “सांभाळ हं यांना,” ते तिला म्हणाले. “फार मोठी बाई आहे.”

“सर, ते गाइडचं...”

“ये ना ऑफिसात. निवांत बोलू.”

जेवताना व्यापारी माझ्या ताटाशी आले. “बेटी, क्या लिखा है! रुला दिया एकदम. पुढच्या वर्षी पण तूच.” मी पुरी तोडत होते. मी ‘थँक्यू काका’ म्हणाले. हे मला कुठंतरी लिहून ठेवायचंच होतं, की मी थँक्यू म्हणाले.

तिची आई जेवली नाही. एस.टी. चुकेल म्हणाली. रिक्षात बसताना लेकीला एवढंच विचारलं, “ते भांड्याचं तू सांगितलं व्हय गं सगळ्यांला?” मैत्रिणीनं पिशवी आईच्या मांडीवर ठेवली. माझं नाव तिनं घेतलं नाही. मीही पुढं होऊन सांगितलं नाही.

सोमवारी ती सरांच्या ऑफिसात गेली. पुन्हा गुरुवारी. तिसऱ्यांदा त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. “तुझ्या आईची ती गोष्ट मी घरी सगळ्यांना सांगितली,” म्हणाले. “अशी माणसं पाहिली की बळ येतं.” मग विचारलं, “आणि तुझा विषय नेमका काय होता?” तिनं सांगितला. ते हळहळले. जागा आदल्या दिवशीच भरली होती. त्या मुलाचं काम त्यांनी सेमिनारमध्ये ऐकलं होतं. “तू आधी का नाही आलीस?”

हे तिनं मला खोलीत, चपला काढता काढता, सरांचा आवाज काढून सांगितलं. मी संतापले. मला संतापता येतं. त्याच रात्री मी मंडळाच्या विरोधात पत्रक लिहिलं. दुसऱ्यांच्या जखमांवर टाळ्या वाजवणाऱ्यांनो, अशी सुरुवात. छापायच्या आधी या वेळी तिला दाखवलं. तिनं पलंगावर बसून दोन्ही बाजू वाचल्या. मग कागद माझ्याकडं दिला.

“यात पण माझीच आई हाय,” ती म्हणाली.

“पण हे त्यांच्या विरोधात आहे.”

“व्हय. वाचणार कोण, तेच. परत रडत्याल. परत तुला चांगलं म्हणत्याल.”

मी म्हणाले, मी त्या वेळी चुकले, दोनच ओळी लिहायला हव्या होत्या. ती म्हणाली, “चुकली नाय तू. तुला मजा आली.” आणि टॉवेल घेऊन बाहेर गेली.

पत्रक मी छापलं नाही. मंडळ सोडलं, पत्र एका ओळीचं दिलं. अध्यक्षबाईंनी फोन करून विचारलं, “अगं, पण झालं काय? इतका सुंदर कार्यक्रम झाला.” मी सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, “पण आपण तिचा केवढा सन्मान केला!” त्यांना खरंच तसं वाटत होतं. यावर कुठल्याच पत्रकात उत्तर नाही.

मैत्रीण महिन्याभरानं वसतिगृह सोडून गेली. एमआयडीसीतल्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात तिला प्रयोगशाळेत काम मिळालं. पाण्यात जिवंत काही नाही ना, एवढं बघून सही करायची. सामान बांधताना खिडकीतल्या बाटल्या तिनं एकेक करून मोरीत ओतल्या. मी दाराशी उभी होते. मी म्हणाले, “जायच्या आधी ते वीस मिनिटांचं एकदा मला सांगशील? पूर्ण?”

तिनं बाटली विसळली, उपडी ठेवली.

“तुला सांगून काय? तुझ्याकडं जागा हाय का?”