दहाव्याला बोललेली पोरगी

माझ्या बायकोच्या दहाव्याला एका पोरीने भाषण केलं, हे आमची भावकी अजून विसरलेली नाही. पोरगी आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूची. डॉक्टरकी शिकत होती, आणि कॉलेजातल्या सरांच्या हाताखाली मेंदूचं संशोधनही करायची. मी चौथी शिकलेला, पण तिचं काम तिने मला ओट्यावर बसून समजावलं होतं. उंदराच्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर चिकटवायचे, आणि रक्त अडल्यावर कुठला भाग किती वेळात मरतो ते बघायचं. मी म्हटलं, "उंदरांसाठी एवढं शिकलीस?"

"उंदरांचे नातेवाईक भांडायला येत नाहीत, काका."

बायको गेल्यावर पाचव्या दिवशी ती वही घेऊन आली. त्रास किती वाजता सुरू झाला? दवाखान्यात किती वाजता पोचलात? लकवा झालेल्या घराघरांतून ती हेच विचारत फिरायची, कॉलेजातली पोरंही तिने या कामाला लावली होती. मी तिला हाकलली.

कारण उत्तर मला ठाऊक होतं. सकाळी सातला कपडे वाळत घालताना बायकोचा हात गळला, तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं म्हणून मी तिला रिक्षात घालून कर्नाळ्याच्या पलीकडे, लकव्याचं तेल चोळणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. माझ्या बापाला तिथेच गुण आला होता. तिथे ही रांग. दवाखाना गाठला तेव्हा चार वाजून गेले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली. सगळ्यांना मी सांगितलं, दुपारी झालं. तिच्या सख्ख्या भावालाही तेच.

हाकलल्याच्या दुसऱ्या दिवशी मीच पोरीला हाक मारली, खरं काय ते सांगितलं. म्हटलं, "वहीत लिहून कोण शहाणं होणार? आमच्यात दहाव्याला नदीवर तीनशे माणूस बसतं. प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजली वाहतात. तिथं बोल."

"बोलते. पण सकाळी सातची वेळ तुम्ही सांगायची. मी सांगितली तर लोक ऐकून विसरतील."

"डॉक्टर व्हायच्या आधीच पुढारी झालीस की!"

"पुढारी उशिरा येतात, काका. मी वेळेवर येईन."

आली. कॉलेजातल्या पोरांना तिने माणसांत पांगवून बसवलं, कुणाला काही विचारायचं असलं तर. प्रवचन संपल्यावर उभी राहिली, हातात कागद नाही. बायकांना विचारलं, "भाकरी तव्यावर विसरली तर काय होतं?"

"करपते."

"मग तिचं परत पीठ होतं?"

"नाय!"

"मेंदूचं तसंच आहे. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली, की घड्याळ बघायचं आणि मोठा दवाखाना गाठायचा. तिथे मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते पहिल्या चार-साडेचार तासांतच चालतं."

लहान मूलसुद्धा समजेल असं बोलली. मग माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो, म्हटलं, "दुपारी नाय झालं. सकाळी सातला झालं. मी तिला तेलवाल्याकडं नेली."

 मग बायकोचा भाऊ उठला. माझ्याकडे न बघता त्याने पोरीलाच विचारलं, "येळेवर नेली असती तं वाचली असती काय गो?"

 पोरीसमोर पांढऱ्या केसांचा रडणारा भाऊ. नाही म्हणाली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? "नक्की सांगता येत नाही, मामा," ती म्हणाली. "काही माणसं तरीही जातात. पण बरं व्हायची आशा जास्त होती."

हे बोलताना तिने मान खाली घातली नाही. मला राग आला नाही. दहा दिवसांत माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच.

मेव्हणा न जेवता गेला. अजून माझ्या घराची पायरी चढत नाही. पण गेल्या शिमग्यात त्याच्या चुलत्याचं तोंड वाकडं झालं, तेव्हा त्याने पोरीलाच फोन लावला. ती त्याच्यावर खेकसली, "मला कसला फोन करताय मामा, गाडीत घाला आधी!" पाऊण तासात दवाखान्यात होते. चुलता आता काठी घेऊन चालतो.

हे मला पोरीनेच सांगितलं. मेव्हणा कशाला सांगेल?