गोळ्यांचे वाटे

शकुबाईबद्दल कुणी विचारलं की मी आधी सांगते, या बाईने आमचा गोळ्यांच्या चाचणीचा अभ्यास बिघडवला. आणि मग सांगते, त्या अभ्यासात तिच्याइतकं खरं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

नागभीडकडच्या एका तलावाकाठी, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यात ती राहते. डावा पाय हत्तीपायाने सुजलेला. शेजारच्या घरात थोरली जाऊ ताराबाई, तिचे तर दोन्ही पाय तसेच. आम्ही दोघींना अभ्यासात घेतलं. पाय रोज साबणाने धुवायचा, मलम लावायचं आणि सोबत सहा आठवडे रोज एक गोळी. धुणं-मलम सगळ्यांना सारखंच. गोळी मात्र काहींची औषधाची, काहींची नुसत्या पिठाची. दिसायला एकसारखी. कुणाची कोणती, हे मलाही ठाऊक नव्हतं. हे मी दोघींना दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा शकुबाईने मान डोलावून अंगठा उठवला होता.

दर आठवड्याला मी डब्यांतल्या गोळ्या मोजायची. एकही कमी-जास्त नाही. ऑफिसात मी मिरवायची, माझ्या बाया बघा म्हणून.

शेवटच्या मोजणीला शकुबाईच्या पायाची सूज थोडी उतरलेली दिसली. मी खुशीत म्हणाले, "बाई, आता तुमच्या पायावरून ठरणार, बाकीच्या गावांना ही गोळी द्यायची की नाही."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मंग मले सांगाच लागते. आमी गोळ्या वाटून खाल्ल्या."

"शकू, चूप राह्य!" ताराबाई ओरडली.

"तलावात मासोळी कोनाच्याबी जाळ्यात येवो, ढीग एकच लागते. मंग वाटे पडते. आमी दोनी डब्या भाताच्या गंजात रिकाम्या केलो, हलवलो, अन् आर्ध्या आर्ध्या भरलो."

मला खूप राग आला. "दोनदा वाचून दाखवलं होतं ना? काऊन केलं असं?"

"तुमीच त बोल्ले, कोनाची कोनती मालूम नाई. म्हनूनच केलो."



दोघींची नावं अभ्यासाच्या मोजणीतून गेली. पाय तपासणं सुरूच राहणार होतं, पण ताराबाईचा त्यावर विश्वास बसेना. आता आपल्याला कोण विचारतं, या शकूने माझं वाटोळं केलं, असं म्हणत तिने धाकट्या जावेशी बोलणंच टाकलं. एका अंगणात चार महिने अबोला.

अभ्यास संपला, कुणाची कोणती गोळी ते लिहिलेले बंद लिफाफे उघडले. शकुबाईच्या डबीत औषध होतं, ताराबाईच्या डबीत पीठ. हे सांगायला मी स्वतः गेले.

शकुबाईने लुगडं वर करून आपला पाय बघितला. "म्हंजे माही आर्धी दवाई हिच्या पोटात गेली," ती म्हणाली. "वाईट वाटते जी. नाई कसं? माहा पाय आनखी उतरला असता." मग पदराने तोंड पुसलं. "पन एकदा ढीग लागला, त लागला."

ताराबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, बादली घेऊन आली, फतकल मारून बसली आणि शकुबाईचा पाय तिने ओढून मांडीवर घेतला. थोरल्या जावेने धाकटीच्या पायाला हात लावणं त्या मोहल्ल्यात कुणी पाहिलेलं नाही. शकुबाई पाय मागे घेऊ लागली.

"हालू नको," ताराबाई म्हणाली, "बोटाच्या सांदीत धुतच नाई तू."