एक पेटी, एक वळकटी

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, यांच्याइतका अस्वस्थ माणूस गोंदियापासून नवेगाव बांधापर्यंतच्या सगळ्या धानपट्ट्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर तो एका जागी कधी सापडला नसल्यामुळे कुणाला कळला नसेल. बसणं त्यांना आजारपणासारखं वाटे. जेवायला बसले की दोन घासांच्या मध्ये उठून खिडकी उघडत आणि चार घास झाले की उठून ती लावत. एकदा एका लग्नात पंगत बसली असताना समोरची गॅसबत्ती फुरफुरायला लागली. भाऊजी वरणभात तसाच टाकून उठले, बत्ती नीट केली, मग मांडवाचा कललेला बांबू सरळ केला, मग नवरदेवाच्या घोड्याचा सैल झालेला पट्टा आवळला, आणि परत आले तेव्हा तिसरी पंगत हात धूत होती. गोंदियात आल्यापासून आठ वर्षांत त्यांनी पाच घरं बदलली. कारण विचारलं की सांगत, "तिथं हवा थांबून राहिली होती." ताई प्रत्येक वेळी मुकाट्यानं भांडी बांधायची आणि नव्या घरी चूल मांडायची. मी त्यांच्याजवळच राहत होते. आईवडील एकाच वर्षी पटकीनं गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि नुकतंच लग्न झालेल्या ताईनं मला आपल्याबरोबर सासरी आणलं होतं. मी शिकले, गोंदियाच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले, तेव्हापासून भाऊजी मला मास्तरीणबाई म्हणू लागले.

ते भातगिरणीत मिस्त्री होते, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हातभर लांबीची बांबूची काठी घेऊन तिचं एक टोक चालत्या यंत्राला लावायचं आणि दुसरं कानाला, एवढीच त्यांची तपासणी. मग डोळे मिटून सांगत की अमक्या बाजूच्या बेअरिंगमधला छर्रा उद्या दुपारपर्यंत फुटेल. तो दुपारपर्यंत फुटायचाच. त्यांना मिनिटभर स्वस्थ उभं राहिलेलं मी फक्त अशा वेळी पाहिलं. गिरणीचे शेठ त्यांच्यावर खूष असत. त्या शेठचे मेहुणे आफ्रिकेत, टांगानिकात, व्यापार करत होते. स्वातंत्र्याला पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हा या मेहुण्यांनी तिकडे भाताची गिरणी टाकली आणि शेठकडे चांगला मिस्त्री मागितला. शेठनी भाऊजींना बोलावून विचारलं. भाऊजी हो म्हणाले तेव्हा शेठचं वाक्य पुरं झालेलं नव्हतं.

पत्रात अटी होत्या. मिस्त्रीनं निदान पाच वर्षं राहावं, बायकोला आणलं तर उत्तम, तिचंही तिकीट देऊ. पण शेवटचा टप्पा पोत्यांनी भरलेल्या मोटारीतून आहे, तेव्हा एकटा या की दोघं, सामान एक पेटी आणि एक वळकटी. ताईनं हे ऐकलं आणि तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं की ती जाणार नाही, गोंदियातच माझ्याजवळ राहील. कागद मात्र शेठच्या मुनीमजींनी दोघांचेही करून घेतले, "रहने दो, काम आएगा," म्हणून. बोट निघायला तीन महिने होते. भाऊजींनी त्याच संध्याकाळी बाजारातून हिरव्या रंगाची लोखंडी पेटी आणली, खोलीच्या मधोमध ठेवली, आणि आमच्या घरातली शांतता, जी मुळात फारशी नव्हतीच, ती त्या दिवसापासून पार संपली.

पेटी रोज भरली जायची आणि रोज रिकामी व्हायची. सकाळी भाऊजींचं म्हणणं असे की तिथं जे मिळणार नाही ते न्यायचं, म्हणून सुवासिक चिन्नोर धानाचं बियाणं, लाखोळीची डाळ, वाळलेली मोहफुलं आणि त्यांची ती बांबूची काठी आत जायची. दुपारी गिरणीतून येताना कुणी तरी त्यांना भेटलेला असायचा आणि त्यानं सांगितलेलं असायचं की तिथं काहीच मिळत नाही. मग मोहफुलं बाहेर, आणि दाढीचा आरसा, कंदील, कुलूप, खिळे आत. स्वतःचे पाने आणि कानशी तर न्यायलाच हव्यात, पण त्यांचं वजन एवढं की कपड्यांचा विचार करायलाच नको. ते शाळेतल्या माझ्या नकाशासमोर येऊन उभे राहिले आणि टांगानिकात थंडी असते का ते विचारू लागले. मी सांगितलं की तो भाग विषुववृत्ताजवळ आहे. त्यांनी समाधानानं मान हलवली, घरी जाऊन पेटीतून लोकरीचा कोट काढला, आणि संध्याकाळी पुन्हा ठेवला, कारण बोटीवर वारा असणार.

सल्ल्याची त्यांना भारी हौस. नवेगाव बांधाला एक म्हातारा ढिवर होता, लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला. परदेश पाहिलेला माणूस म्हणून भाऊजी खास त्याला भेटायला गेले. तो तळ्याच्या पाळीवर जाळं विणत बसला होता. त्यानं हातातलं काम न थांबवता सांगितलं, "दोन धोतरं ने, सुईदोरा ने, मीठ ने. बाकी सारं मी वाटेत फेकलं." एवढं ऐकायला दिवस घालवून भाऊजी परत आले ते त्यानं प्रेमानं दिलेली सुक्या मासळीची पुडी घेऊन. ती पेटीत गेली. दोन दिवस सगळं घर तळ्यासारखं वास मारत राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी ताईनं ती पुडी शेजारच्या मांजरीपुढे उपडी केली. गोरेगावजवळच्या गावाहून त्यांचे थोरले बंधू निरोप द्यायला आले, ते खांद्यावर नांगराचा फाळ टाकून. जिथं जमीन आहे तिथं फाळ लागणारच, असं त्यांचं म्हणणं. भावाचं मन मोडवेना म्हणून फाळ पेटीत ठेवला, आणि पेटी दोघांनाही उचलेना.

तेव्हा भाऊजींना वजनाची काळजी लागली. पेटी आपल्याला एकट्याला नेता येते की नाही हे पाहायचं म्हणून एका सकाळी फाळ बाहेर काढून ती डोक्यावर घेऊन ते घरातून निघाले आणि थेट स्टेशनावर गेले. पाहणाऱ्यांना वाटलं, मिस्त्री निघाले. शेजारपाजारची माणसं नारळ, हळदकुंकू घेऊन धावली, एका म्हातारीला रडू आलं, दोन हमाल भाडं ठरवू लागले. भाऊजींनी फलाटाच्या टोकापर्यंत पेटी नेली, खाली ठेवली, मान चोळली, पुन्हा डोक्यावर घेतली आणि घरी येऊन चहा मागितला. म्हातारी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी कोपऱ्यावरच्या टांगेवाल्यानं घोड्याला गवत घालता घालता विचारलं, "मिस्त्रीजी, आज सच में जा रहे हो, या ऐसेही?"

या सगळ्या धांदलीत ताईनं पेटीला एकदाही हात लावला नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, मागितलं तर वस्तू आणून द्यायची, पण आपण होऊन एक रुमालही तिनं आत ठेवला नाही. मला वाटे, तिला राग आला असेल. एका रविवारी ताई नदीवर धुणं घेऊन गेली होती आणि भाऊजी गिरणीत. खोलीभर पसरलेला तो संसार पाहून माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी म्हटलं, एकदा मीच नीट लावून पाहते. हत्यारं तळाशी, त्यावर कोट, कडेनं पुड्या, वर कपडे. अर्ध्या तासात सगळं आत बसलं. फाळसुद्धा बसला. आणि पेटीचा उजवीकडचा चौथाई भाग तरीही रिकामा राहिला. मी पुन्हा सगळं काढून पाहिलं, काही विसरलं का म्हणून. काही विसरलं नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दीड महिना भाऊजी जागा पुरत नाही म्हणून वस्तू आत-बाहेर करत होते आणि उजवीकडचा तो कोपरा त्यांनी कधी भरलाच नव्हता. मी कितीदा ते पाहिलं होतं, पण वेंधळेपणा समजून सोडून दिलं होतं.

भाऊजी आले तेव्हा मी त्यांना त्या कोपऱ्याबद्दल सरळच विचारलं. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, पेटीचं झाकण लावलं, उघडलं.

"तो तुया ताईचा आहे," ते म्हणाले. "तिचे दोन-तीन लुगडे मावतेत."

मी म्हटलं, मग तिला तसं सांगा ना.

"नाही सांगत. मी म्हटलं तर येईल ते. पाच घरं बदलवले, एकदाही नाही म्हटलं नाही तिनं. आता समुद्रापार नेऊन राहिलो. या वेळी तिच्या मनानं आली तर येऊ दे." मग झाकण पुन्हा लावून म्हणाले, "अन् ते तुले सोडून कशी येईल, मास्तरीणबाई? मले समजते ना."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते लगेच हातोडी घेऊन पेटीची बिजागरी ठोकू लागले, जिला काहीही झालेलं नव्हतं.

मी तो सगळा आठवडा शाळेत मुलींच्या चुका तपासायच्या सोडून खिडकीबाहेर पाहत होते. खरं सांगायचं तर मला ताईनं जायला नको होतं. ती माझी आई होती म्हटलं तरी चालेल, आणि बावीस वर्षांच्या मुलीनं एकटं राहावं असे ते दिवस नव्हते. पण तो रिकामा कोपरा एकदा पाहिल्यावर मला खोलीतलं दुसरं काही दिसेना. शेवटी मी अर्ज लिहिला. सालेकशाच्या शाळेत शिक्षिका टिकत नसे, गाव जंगलाच्या कडेला म्हणून. पण शाळेला लागून एक खोली होती, शेजारी हेडमास्तर आणि त्यांची बायको राहत, आणि गोंदियाहून तिथं सरळ गाडी जायची. दुसरं कुणी मागतच नसल्यामुळे बदलीचा कागद पंधरा दिवसांत हातात पडला. मी तो ताईपुढे ठेवला.

ताईला वाचता येत नव्हतं, पण कागद कशाचा आहे हे तिला माझ्या तोंडाकडे पाहूनच समजलं असावं. तिनं विचारलं, "काऊन? सालेकशाले कायले जाऊन राहिली तू?"

मी सांगितलं, मला तिथं खोली मिळते.

"अन् इथं काय झाडाखाली राहतेस?"

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक करून वाढायची, पण माझ्या ताटाकडे न पाहता. भाऊजी त्या दोन दिवसांत इतके हिंडले की त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ताई पेटीपाशी बसली होती. तिनं फाळ काढून दारामागे उभा केला होता, कोट घडी करून बाजूला ठेवला होता, आणि कोपऱ्यात तिची तीन लुगडी, कुंकवाचा करंडा, आमच्या आईची पितळी पळी आणि एक उशीचा अभ्रा होता. तो मी सातवीत असताना भरला होता, त्यावरचा मोर बदकासारखा दिसायचा. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिथं एकटी राहशील तर संध्याकाळी कडी लावून घेत जा. अन् कच्चं खाऊ नको, तुले आळस आहे चुलीचा."

भाऊजी आले. दारातच त्यांना पेटी दिसली. ते बाजेवर बसले आणि बसूनच राहिले. चहा झाला, दिवेलागण झाली, जेवणं झाली, तरी ते मधे एकदाही उठले नाहीत. खिडकी वाऱ्यानं आपटत होती. ती शेवटी मीच लावली.

मुंबई मेल गोंदियाला थोडाच वेळ थांबायची. खरंच निघायच्या दिवशी कुणी नारळ घेऊन आलं नाही, कारण कुणाचा विश्वासच बसला नव्हता. टांगेवाला तेवढा फलाटापर्यंत आला आणि त्यानं पेटी आत चढवून दिली. ताईनं खिडकीतून माझा हात धरला होता तो गाडी हलल्यावर सुटला. दुसऱ्या दिवशी मी सालेकशाच्या गाडीत बसले.

पत्रं यायची. भाऊजींच्या अक्षरात, ओळी उताराला लागलेल्या. गिरणी चालू झाली, चिन्नोर उगवला पण त्याला वास येत नाही, ताईला ताप आला होता, बरी झाली, त्यांना मुलगी झाली. पाचाची सात वर्षं झाली आणि मग ते महिनाभरासाठी आले. भाऊजींचे केस पांढरे झाले होते. मुलगी त्यांच्या मागेमागे सारखी पळत होती आणि ते तिला म्हणत होते, जरा एका जागी बस. मी सालेकशातच होते. ते येणार म्हणून दोन महिने मी तयारी केली होती: लाखोळीची डाळ, कुरड्या, आंब्याचं लोणचं, मुलीसाठी गोधडी. परतीच्या आधी ते चार दिवस माझ्याकडे राहायला आले तेव्हा मी ते सगळं बाजेवर मांडलं आणि म्हटलं, बघा, यातलं काय काय बसतं.

ताईनं एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. गोधडी छातीशी धरली, ती तेवढी बाजूला ठेवली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आता तिथं सारंच मिळते गं. तू खा. तू किती वाळली."

मी बरं म्हटलं. मग आम्ही दोघी बहिणी कुरड्या मोडणार नाहीत अशा बेतानं परत डब्यांत भरत बसलो. बाहेर तेंदूच्या पानांचे गठ्ठे वाहणाऱ्या बाया जात होत्या, आणि ताई मला पावसाबद्दल सांगत होती, तो केव्हा येतो, किती दिवस राहतो, जमीन कशी लाल होते. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ती "आमच्याकडे" म्हणत होती, आणि ती कुठलं सांगते आहे हे समजायला मला थोडा वेळ लागला.