सादुर्नीचा वळसा

आमच्या वालकोर्बा गावात दोन बाबतींत कोणी खरं बोलत नाही. एक, शेजारणीच्या हातचं जेवण कसं झालंय, आणि दुसरी, आपण अळंबी कुठून आणतो. पहिल्या बाबतीत माणूस भिडेखातर खोटं बोलतो, दुसऱ्या बाबतीत मात्र धर्म म्हणून. बाप मरताना मुलाला शेत दाखवतो, विहीर दाखवतो, पण अळंबीची जागा सांगायला श्वास पुरला नाही अशी आमच्याकडे कितीतरी घरं आहेत. एवढं ध्यानात ठेवलं की सादुर्नीची गोष्ट समजायला सोपी जाते.

सादुर्नी बुचाच्या झाडांची साल काढणारा, जिच्यापासून बाटल्यांची बुचं करतात ती. हे काम उन्हाळ्यातलं. झाडाला इजा न करता कुऱ्हाडीने साल उकलायची, म्हणजे शर्ट फाटू न देता अंगावरून काढल्यासारखं. अवजड जुनी सायकल, दांड्याला कुऱ्हाड बांधलेली, खिशात पाव आणि कांदा, असा हा पहाटे डोंगरात शिरायचा. कोळशाच्या गाड्यांच्या वाटा, मेंढरांच्या वाटा, कोणा म्हातारीने सासरहून पळून जाताना पाडलेली एक वाट, सगळ्या त्याच्या मांड्यांना पाठ. पुढे बुचाचे कारखाने बंद पडले, कोळसेवाले शहरात गेले, आणि वाटा तेवढ्या मागे राहिल्या. सादुर्नीला त्याचं फार वाईट वाटायचं. "झाड वठलं तर लाकूड तरी होतं," तो म्हणायचा, "न चाललेल्या वाटेचं काय होतं? काटे."

आणि मग जिरोना शहराकडून ही मंडळी यायला लागली. अंगाला चिकटलेले कपडे, जाड टायरच्या सायकली, आणि चांगला डांबरी रस्ता सोडून खडीत घुसायची हौस. पहिली टोळी आली तेव्हा आम्हाला वाटलं, वाट चुकली बिचारी. खानावळवाल्या फिलोमेनाने त्यांना पाणी दिलं आणि हात धरून चौकापर्यंत नेलं. "डांबरी रस्ता तो तिकडे आहे, बाळांनो."

"आजी, डांबरी नकोच आहे आम्हाला."

फिलोमेना परत आली ती डोक्याजवळ बोट फिरवतच. सादुर्नी मात्र खुर्चीवरून उठला. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या वाटा मागत होतं. त्याने खडूने खानावळीच्या टेबलावरच डोंगर काढला. अंतर विचारलं तर म्हणाला, "त्या झऱ्यापर्यंत दोन सिगारेटी." त्याने सिगारेट सोडून जमाना झाला होता, पण मोजमाप तेच ठेवलं होतं. पोरांनी फोनवर सगळं उतरवून घेतलं, आणि महिन्याभरात दर रविवारी खानावळीसमोर सायकलींची भिंत उभी राहू लागली.

त्याच्या वाटा होत्याच तशा. कुठे चढ घ्यायचा, कुठे दम टाकायचा, दुपारी सावली कुठल्या अंगाला असते, सगळं जुळवलेलं. फक्त एक गोष्ट कोणाला कळत नसे. तांबड्या टेकडीच्या पायथ्याशी कोळशाच्या गाड्यांची रुंद, सपाट वाट सरळ आत जाते. आजारी गाढवसुद्धा सहज जाईल अशी. पण सादुर्नीची वाट तिथे अचानक डावीकडे वळायची, दगडगोट्यांतून थेट आभाळाकडे चढायची आणि टेकडीला भलाथोरला वळसा घालून पलीकडे उतरायची.

"काका, सरळ का नाही?" पोरं विचारायची.

"मधमाश्या आहेत." दुसऱ्या वर्षी म्हणाला, वाट खचलीय. तिसऱ्या वर्षी एक पिसाळलेला कुत्रा होता, तो पुढे बरीच वर्षं जगला.

गंमत अशी की पोरांना तो चढच आवडू लागला. त्याचं नाव त्यांनी 'प्रायश्चित्त' ठेवलं. आमचे पाद्री क्लिमेंत हसून म्हणायचे, "मी जन्मभरात दिली नसतील एवढी प्रायश्चित्तं सादुर्नी एका रविवारी देतो."

ऑक्टोबरात गावाची मोठी सायकल फेरी असते. त्या शनिवारी सादुर्नी इस्त्रीचा शर्ट घालून चौकात झेंडा हलवतो, आणि कुठून कुठून आलेली माणसं त्याचं नाव घेऊन ओरडतात. साल काढताना त्याला फक्त मुकादम हाक मारायचा, तीही प्रेमाची नसायची. तर त्या वर्षी फेरीला आठवडा राहिला असताना असा पाऊस झाला, की प्रायश्चित्ताचा अर्धा चढ ओढ्यात जाऊन बसला. दुसरी वाट नाही. फेरी रद्द करायची की काय, हे ठरवायला आम्ही फिलोमेनाच्या खानावळीत जमलो. पाद्रीबाबा होते, शिकारी गायेता होता, मी होतो. सादुर्नीची बायको मुन्देता कोपऱ्यात फेरीच्या जेवणासाठी घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

सादुर्नी बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. एकीकडे फेरी, दुसरीकडे ती जागा. माणूस दात काढून घ्यायला बसावा तसं त्याचं तोंड झालं होतं. शेवटी म्हणाला, "एक वाट आहे. तांबड्या टेकडीच्या पोटातून. कोळशाची."

"तिथून? छे," फिलोमेना लगेच म्हणाली. "मधमाश्या आहेत तिथे."

"रानडुकरं," गायेता म्हणाला. "मादी, पिल्लांसकट."

"जमीन फार भुसभुशीत आहे," पाद्रीबाबा म्हणाले. "पोरांचे पाय मोडतील."

"खाजगी वाट आहे ती," हे मी.

मग जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. आधी कळलं गायेताला. तो हळूच म्हणाला, "पाद्रीबाबा, जमीन भुसभुशीत आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी तिथे प्रार्थनेला जातो."

"टोपली घेऊन?"

पाद्रीबाबांचे कान लाल झाले. सादुर्नीचा चेहरा तर बघण्यासारखा होता. पोरांना आभाळापर्यंत चढवून ज्या पाईनच्या झाडांखालची अळंबी त्याने राखली, ती अख्खं गाव खात होतं, आणि प्रत्येकजण आपापल्या परीने राखतही होता. तो बायकोकडे वळून काकुळतीने म्हणाला, "मुन्देता, तुलासुद्धा मी कधी सांगितलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस."

मुन्देताने शेंग सोलता सोलता मानही वर केली नाही. "तू बुधवारी जातोस ना? मी मंगळवारी जाते."

"म्हणूनच," सादुर्नी म्हणाला, "म्हणूनच बुधवारी बारीकच सापडायची."

"बारीक तुझ्यासाठी ठेवत होते. मोठी तूच खायचास, गुरुवारी. माझ्या बहिणीने पाठवली म्हणून."

फिलोमेना एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पाद्रीबाबांनी मात्र गंभीरपणे निकाल दिला: फेरी होणार, कोळशाच्या वाटेनेच होणार, आणि बाहेरच्या कोणालाही एक अक्षर कळता कामा नये. वाटेत दर वळणावर आपल्यापैकी एकेकाने उभं राहायचं, स्वयंसेवक म्हणून. सादुर्नीने टोपी डोक्यावर चढवली. घरी जाताना मला म्हणाला, "जाऊ दे. वाट तरी चालली जाईल."

शनिवारी सायकली आल्या. मी वरच्या वळणावर होतो, सादुर्नी खाली पाईनच्या झाडांपाशी. झेंडा हलवून झाल्यावर गायेताच्या गाडीतून आला होता. पोरं आली तशी गेली. खडीत सायकल चालवणारा माणूस पुढच्या चाकापलीकडे काही बघत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कडेला सोनं ठेवलं असतं तरी त्यावरून खडी उडवून गेले असते.

फक्त एक बाई थांबली. पंक्चर. सायकल उलटी करून चाक मांडीवर घेऊन बसायला तिने जागा शोधली, आणि नेमकी पाईनच्या बुंध्याशी गेली. तिथे तळहाताएवढी, केशरी, ओलसर अळंबी अर्धी पाल्याबाहेर आलेली. मला वरून दिसत होती. सादुर्नी धावला नाही, ओरडला नाही. तो तिच्या आधी तिथे पोचला आणि कण्हत, गुडघे धरत, म्हाताऱ्या माणसाने बसावं तसा बसला.

"बसा बाई, इकडे दगडावर बसा. माझे पाय गेलेत आता."

तिने ट्यूब बदलली, हवा भरली. मधेच म्हणाली, "आजोबा, इतकी सुरेख वाट इतकी वर्षं कुठे ठेवली होतीत?"

"सवड मिळत नव्हती."

"अगदी शांत आहे इथे. कोणीच येत नसेल ना?"

"क्वचित," सादुर्नी म्हणाला. "एखादा पाद्री."

ती हात हलवून निघून गेली तरी हा उठेना. मला वाटलं, खरंच पाय गेले.

संध्याकाळी खानावळीत घेवडा आणि भाजलेले सॉसेज यांच्या वाफेत सगळं गाव बसलं होतं. पोरांनी सादुर्नीला उचलून टेबलावर उभं केलं, नवीन वाटेसाठी टाळ्या वाजवल्या. तो झुकून सगळ्यांना नमस्कार करत गोल वळला, आणि त्याच्या इस्त्रीच्या विजारीच्या मागच्या बाजूला ताटलीएवढा केशरी डाग सगळ्यांना दिसला. ही अळंबी चिरडली की केशरी दूध निघतं, आणि ते एकदा कापडाला लागलं की धुऊन जात नाही. बाहेरच्या मंडळींना वाटलं, कुठेतरी रंगावर बसला असेल. आम्ही मात्र आपापल्या ताटात बघत राहिलो. पाद्रीबाबांना ठसका लागला.

मुन्देता टेबलाजवळ आली, तिने डाग नीट बघितला आणि त्याला हळूच विचारलं, "केवढी होती?"

सादुर्नीने दोन्ही हात पसरून दाखवलं. थोडं जास्तच पसरलं असणार, पण त्या दिवशी त्याला कोणी टोकलं नाही.